टोपलीतले साचे

कॉम्प्युटर जरा हळू चालतो, एवढंच मास्तर म्हणाले होते. त्यावर गप्प बसली तर ती त्यांची लेक कसली? रविवारी माहेरी आल्या आल्या तिने फुकटातला एक सफाईचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याने क्षणात शेकड्यांनी दोष काढून दाखवले, तेही लाल अक्षरांत, जणू यंत्र शेवटच्या घटका मोजत होतं. तिने समोरच्या सगळ्या चौकटींत खुणा केल्या, हिरवं बटण दाबलं आणि जेवायला बसली. ऑफिसात कुणाचंही मशीन अडलं की तिलाच हाक जायची, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा होता.

मंगळवारी मास्तरांचा फोन आला. "प्रिंटर जोडलेलाच नाही म्हणतोय गं हा. आणि उद्या तर कारखानदार यायचाय."

मास्तर म्हणजे टेलरमास्तर, जन्मभर त्यांनी कोट बेतले. हात थरथरायला लागला तसं दुकान बंद झालं आणि माळ्यावर ठेवलेले कापड बेतायचे कागदी साचे वाळवीने फस्त केले. तेव्हा लेकीने हा कॉम्प्युटर आणून दिला. उजवा हात डाव्याने दाबून धरत त्यांनी एकेक खांदा, एकेक बाही आठवून आठवून पडद्यावर काढली. गेल्या हिवाळ्यापर्यंत ते जमलं. आता माऊस हातात ठरत नव्हता आणि हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कपड्यांच्या एका कारखानदाराला साचे बघायचे होते. त्याने ते घेतले तर मास्तरांची बेतणी दुसऱ्यांच्या हातांनी का होईना, चालू राहणार होती. त्यांना आता तेवढंच हवं होतं.

ऑफिस सुटल्यावर ती तडक आली. सफाईच्या प्रोग्रॅमने प्रिंटर चालवणारी फाइल निकामी समजून उडवली होती. मागच्या तारखेला परत जायची सोय असते, तीही या शहाण्याने जागा वाचवायला पुसून टाकली होती. तिने त्याला दोन शेलक्या शिव्या हासडल्या, काढून टाकला, प्रिंटरची फाइल नव्याने बसवली. चाचणीचा कागद खरखरत बाहेर आला. मास्तर खूश झाले.

"आता साचे काढू. बघू सगळे एकदा."

"कुठे ठेवलेत?"

"कुठे म्हणजे? टोपलीत."

तिला वाटलं, असेल एखादं टोपली नावाचं फोल्डर. मास्तरांनी थरथरतं बोट पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवलं. तिथे रिसायकल बिनचं चित्र होतं, कचऱ्याच्या टोपलीचं.

दुकानात बेतायच्या टेबलाखाली वेताची टोपली असायची. काम झालेला साचा गुंडाळून त्यात जायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तिथूनच निघायचा. लहानपणी आवराआवरीच्या हौसेने तिने ती एकदा उपडी केली, तेव्हा कधी आवाज न चढवणारे मास्तर अख्ख्या दुकानासमोर ओरडले होते. आणि पडदा दाखवताना तिनेच त्यांना सांगितलं होतं, 'बाबा, हे तुमचं टेबल समजा.' टोपलीबद्दल ती काही बोलली नव्हती. त्यांनीही विचारलं नव्हतं, कारण टोपली कशासाठी असते ते त्यांना ठाऊकच होतं.

टोपली रिकामी होती.

पुसलेलं परत आणणारे जेवढे प्रोग्रॅम तिला माहीत होते, तेवढे तिने लावून पाहिले. कशाला काही सापडेना. ऑफिसातल्या जाणकाराला फोन लावला. त्याने विचारलं, "सुरक्षित सफाईच्या चौकटीत खूण केली होतीस का?" तिने सगळ्याच चौकटींत केली होती. "मग पुसलेल्याच्या जागेवरही त्याने भलतंच काही लिहिलंय," तो म्हणाला. "आता काही उरलं नसणार." तरी ती उगीच बटणं दाबत राहिली. रडू येत होतं, पण मास्तर शेजारीच बसले होते.

"माझंच चुकलं असेल," ते म्हणाले. "हात थरथरतो, भलतंच काही दाबलं गेलं असेल."

हो म्हणणं फार सोपं होतं. क्षणभर तिने तो विचार केलाही.

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा. टोपली मी रिकामी केली."

या वेळी मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"कारखानदाराला येऊ नको म्हणून कळव," ते एवढंच म्हणाले.

मग त्यांनी तिने शिकवलं होतं तसा कॉम्प्युटर बंद केला आणि खुंटीवरचं कव्हर काढलं. बऱ्या दिवसांत त्यांनी ते स्वतः बेतून शिवलं होतं, कोटासारखं, पुढे बटणांचं. ते त्यांनी यंत्रावर चढवलं आणि बटणं लावायला घेतली. पहिलं बटण काजात जाईना. तिने हात पुढे केला, तो त्यांनी हळूच बाजूला सारला.