टीव्हीमागची जागा

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे, पाठीला मोठं कुबड असलेला. माझ्या काचेवर काय दिसतं, ते मला कधीच दिसत नाही. मला दिसतात फक्त बघणाऱ्यांचे चेहरे. त्यांच्या डोळ्यांत हिरवा रंग हलू लागला, की मी समजतो, आज फुटबॉल आहे.

कारखान्यातून मी थेट या घरी आलो. बाबा बस चालवायचे. आई माझ्यासमोर मटार सोलत बसायची. धाकटा मुलगा दिवाणावरून उशीवर झेप घ्यायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणायचे. पुढे बोका देशाच्या संघाचा गोलरक्षक झाला आणि आई माझ्यामागे बसू लागली. "मी बघितलं, की त्याच्या हातून बॉल सुटतो," म्हणायची. माझ्या कोमट पाठीवर हात ठेवून ती समोरच्यांचे चेहरे वाचायची. आम्ही दोघं एकाच बाजूने खेळ बघायचो.

मग भिंतीवर चपटा नवा टीव्ही आला आणि मी माळ्यावर गेलो. धुळीत झोपलो की स्वप्नात हिरवे डोळे तरंगायचे.

एका दुपारी बाबांनी मला खाली उतरवलं.

"त्या नव्यामागे नुसती भिंत. हिने बसायचं कुठे?"

अजिंक्यपदाची अंतिम लढत होती. आपला चिमुकला देश पहिल्यांदाच तिथवर पोचला होता.

"पोचले तेवढं पुष्कळ," शेजारचे काका म्हणाले. "चार गोल खातील, पण फिरणं तर झालं!"

"काका, तुम्ही आपला चहा प्या बघू," बोक्याच्या ताईने दटावलं.

सामना बरोबरीत सुटला. पेनल्टी सुरू झाल्या. आपले पाच गोल झाले, त्यांचे चार. त्यांची शेवटची पेनल्टी बोक्याने अडवली, तर आपण जिंकणार होतो.

बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. ताईने उशीत तोंड खुपसलं. काका भिंतीकडे वळले. आईने माझ्या कुबडावरून डोकावून पाहिलं, तर वाचायला एकही चेहरा नव्हता.

"अहो, कोणीच बघत नाही? माझं पोर तिथे एकटं उभं आहे!"

ती उठली. मांडीवरची वाटी लवंडली, मटार घरभर पळाले. ती समोर आली. किती वर्षांनी तिचा चेहरा मला समोरून दिसला! केस पांढरे झाले होते. डोळ्यांत हिरवं मैदान होतं आणि मैदानात एक काळा ठिपका. तो ठिपका हळूच उडाला, बराच वेळ उडतच राहिला. मग सगळं मैदान पाण्यात विरघळलं.

"अडवला," ती पुटपुटली. "अहो, डोळे उघडा. अडवला त्याने!"

"मी म्हणालोच होतो!" काका ओरडले.

संध्याकाळी बोक्याचा फोन आला. आई एवढंच म्हणाली, "मी बघत होते रे."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा. आणि घरातलं कोणी शर्यतीत, नाटकात, कुठेही एकटं उभं राहिलं, की भीती वाटली तरी समोर जाऊन बसा. ते चुकलं, तरी उठू नका.