उबेला ठेवलेली बॅटरी

राजाभाऊंची एक रीत होती. एखादी वस्तू घ्यायची म्हटली की तिच्याविषयी ज्याने ज्याने काही लिहिलंय ते सगळं ते वाचून काढायचे, आणि मग मनात आधीच ठरलेलं असेल तेच करायचे. केंद्र सरकारच्या खरेदी विभागात उभी हयात गेली होती. त्यामुळे आपल्याला वस्तू पारखता येते याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती त्यांच्या बायकोला, प्रभाताईंना. पण त्या बोलून दाखवायच्या नाहीत.

यंदाच्या थंडीत घ्यायची वस्तू होती कॅमेऱ्याची बॅटरी. दिल्लीत रोहिणीतल्या घरातून भल्या सकाळी निघून हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला रिजच्या जंगलात पक्ष्यांचे फोटो काढायचे, हा राजाभाऊंचा निवृत्तीनंतरचा शौक. तिथे जो भेटेल त्याला हिंदूराव हा मराठी माणूस होता हे ऐकवायचं, हा दुसरा. डिसेंबरात गारठा वाढला आणि कॅमेऱ्याची जुनी बॅटरी चार-दोन फोटोंत मान टाकू लागली. कंपनीची नवी बॅटरी भलतीच महाग होती. तिच्या निम्म्यात इंटरनेटवर कधी न ऐकलेल्या नावाच्या दोन मिळत होत्या, वर चार्जर फुकट.

त्यांनी सगळे अभिप्राय वाचले. बरेच जण म्हणत होते, वर्षानुवर्षं दुसऱ्या कंपनीच्याच वापरतोय, काडीचा फरक नाही. काही जाणते म्हणत होते, घ्या, पण नाव असलेल्याची घ्या. आत जादा तापली की आपोआप बंद पडण्याची सोय लागते, आणि बिननावाच्या बॅटरीत ती नुसती वेष्टनावर छापलेली असते. मोजकेच लोक फुगलेल्या, वितळलेल्या बॅटऱ्यांचे फोटो लावून बसले होते. असे रडे लोक प्रत्येक टेंडरला असतात, असं म्हणून राजाभाऊंनी ऑर्डर देऊन टाकली.

आणि बॅटऱ्या चांगल्या चालल्या, हेच वाईट झालं. पहिल्या दिवशीच बिघडल्या असत्या तर परत तरी गेल्या असत्या. राजाभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दाखवून कंपनीवाले कसे लुटतात ते समजावू लागले.

त्याच सुमारास त्यांची मुलगी तनया बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. जरा लवकरच झाली. वजन बेताचं, छाती नाजूक. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, हिला थंडी लागू देऊ नका. राजाभाऊंची ही पहिली नात. तिला पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा या खरेदीतल्या माणसाला भरून आलं, आणि ते लपवायला त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. पुढे रोज तेच. जांभई दिली, फोटो. मूठ उघडली, फोटो.

प्रभाताईंनी मधली खोली बाळंतिणीची केली. खिडकीच्या फटी कागदानं बुजवल्या, तेलाचा हीटर लावला, आणि रोज बाळाच्या आंघोळीनंतर ओवा, बाळंतशोपा नि वावडिंगाची धुरी सुरू केली. निखारे खालच्या इस्त्रीवाल्याकडून यायचे. तनयाला हे पसंत नव्हतं. आजकाल डॉक्टर नाही म्हणतात, असं ती सारखी सांगायची. नुसता वास दिला तर काय बिघडतं, असं प्रभाताईंचं म्हणणं. खोलीचे त्यांचे नियम कडक होते. बाहेरचं कुणी आत यायचं नाही, दार उघडं ठेवायचं नाही. राजाभाऊंना तर त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं की तुमचं ते वायरींचं लटांबर या खोलीत आणायचं नाही.

तनयाचा नवरा अंशुमन मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो रविवारी यायचा. बारशाच्या आधीच्या रविवारी सासऱ्यांनी त्याच्यापुढेही बॅटऱ्यांचं कौतुक मांडलं. अंशुमननं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या, चांगल्या आहेत म्हणाला, आणि जेवणं झाल्यावर सासऱ्यांना हळूच बाल्कनीत घेऊन गेला. त्यानं एक बॅटरी कठड्याच्या सपाट फरशीवर ठेवून टिचकी मारली. ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरली. दुसरी हललीही नाही.

"बाबा, ही पोटात फुगलीये," तो म्हणाला. "सगळ्या अशा नसतात, पण ही गेली. चार्ज करू नका. कचऱ्यातही टाकू नका, मला द्या, मी प्लांटला नेतो."

राजाभाऊंना ते लागलं. जावयानं चारचौघांत न बोलता बाजूला नेऊन सांगितलं, हे तर जास्तच लागलं. कॅमेऱ्यात बसताना ती बॅटरी हल्ली अडकते, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. ते म्हणाले, देतो की, बारसं होऊ द्या. एका बॅटरीवर अख्खं बारसं कसं निघणार, असा त्यांचा हिशोब. अंशुमननं पुढे ताणलं नाही. सासऱ्यांशी वाद घालायची त्याच्या घरची पद्धत नव्हती.

बारशाच्या सकाळी धुकं इतकं होतं की समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. पाहुणे कुडकुडत येत होते. राजाभाऊंची थोरली बहीण अलकनंदा ग्वाल्हेरहून आदल्या दिवशीच येऊन थडकली होती. जेवण सांगितलं होतं, दिवाणखान्यात पाळणा सजला होता. राजाभाऊंनी पाहिलं तर फुगलेली बॅटरी गार पडली होती आणि चार्जरचा दिवा नुसताच लुकलुकत होता. थंडीत बॅटरी नीट चार्ज होत नाही, ऊब द्या, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. घरात उबेची जागा एकच होती.

प्रभाताई बाळाला आंघोळ घालत होत्या तेवढ्यात ते मधल्या खोलीत गेले. हीटरजवळच्या प्लगला चार्जर लावला, आणि बायकोला दिसू नये म्हणून घडी करून ठेवलेल्या रजयांच्या मागे सरकवला. अगदी रजईच्या पोटात. खोलीतली ऊब त्यांच्या हातांनाही बरी वाटली. तासाभरात काढून घेऊ, असं म्हणून ते बाहेर आले आणि पाहुण्यांचे फोटो काढण्यात गढून गेले.

मग नेहमीप्रमाणे सगळं झालं. प्रभाताईंनी धुरी दिली, बाळाला कुंचीत गुंडाळून खोलीतल्या छोट्या पाळण्यात निजवलं आणि वारा नको म्हणून दार ओढून घेतलं. तनया शेजारच्या खोलीत साडी नेसत होती. निखाऱ्यांचं पात्र खोलीच्या कोपऱ्यातच राहिलं.

धूर दाराच्या फटीतून येऊ लागला तेव्हा कुणीच दचकलं नाही. त्या दारातून रोजच या वेळी धूर यायचा. अलकनंदा तर दीर्घ श्वास घेऊन म्हणाली की असा धुरीचा वास आला की घरात बाळ आहे असं वाटतं. दोन-चार बायकांनी माना डोलावल्या. राजाभाऊंनी त्यांचाही फोटो काढला. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

फोटो काढून कॅमेरा खाली घेतला आणि त्यांना त्या वासात दुसरा वास लागला. गोडसर, नाकात चढणारा, नेलपॉलिशसारखा. ओव्याला असा वास नसतो. काय झालंय ते त्या क्षणी त्या घरात एकट्या त्यांनाच कळलं होतं.

त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. खोली राखाडी झाली होती, रजयांतून धूर भसाभसा येत होता, आणि पाळण्यातून आवाज येत नव्हता. त्यांनी चाचपडत बाळ उचललं, बाहेर आणलं आणि अंशुमनच्या हातात दिलं. अंशुमन तसाच जिना उतरून गाडीकडे पळाला, पाठोपाठ अर्धवट नेसलेली तनया. राजाभाऊंनी रजई ओढत न्हाणीघरात नेली आणि वर बादल्या ओतल्या. रजईला काळा गोळा चिकटला होता. पाण्यात तो चरचरला. मागे वळून पाहिलं तर मधल्या खोलीच्या दारात प्रभाताई उभ्या होत्या, पण त्यांची नजर न्हाणीघरात नव्हती. त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या निखाऱ्यांकडे बघत होत्या.

"मी ते बाहेर नेलं नाही," त्या म्हणाल्या. "अहो, मी ते तिथेच ठेवलं."

राजाभाऊंनी बादली खाली ठेवली. आधी हॉस्पिटल, मग बोलू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

हॉस्पिटलात बाळ श्वास घेत होतं, पण प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि खोलीत काय जळलं ते त्यांनी विचारलं. प्रभाताईंनी मोडक्या हिंदीत सांगितलं की बच्चीला धूनी दिली होती, कोळशाची, रजईनं पेट घेतला, चूक माझी आहे. बाई फटकन बोलल्या की एवढ्याशा बाळाला कुणी धूर देतं का. प्रभाताई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग बाईंनी राजाभाऊंकडे पाहिलं.

"और कुछ तो नहीं था? प्लास्टिक, केमिकल?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. मुलगी, जावई, बायको. राजाभाऊंनी नकारार्थी मान हलवली.

का हलवली, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे. त्यांना लाज वाटली. धूर तो धूर, रजईचा काय आणि बॅटरीचा काय, उपचार तोच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. इतकी वर्षं जे ठरलेलं असेल तेच खरं करून दाखवायचं जमलं होतं, तसं.

दुपार सरकत गेली. तनया आईशी एकच वाक्य बोलली. "किती वेळा सांगितलं होतं तुला, धुरी नको." प्रभाताईंनी पदर तोंडाशी धरला. राजाभाऊ दोघींच्या मध्ये बसले होते आणि दोघींपैकी कुणाकडेही बघत नव्हते. आपण किती हलके आहोत ते त्यांना कळत होतं.

दाराच्या काचेतून बाळाच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दिसत होता. मशीनवरचा आकडा चढण्याऐवजी उतरत होता. डॉक्टरीणबाई पुन्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बुचकळ्यात पडल्याचा भाव होता. नुसत्या कापसाच्या नि कोळशाच्या धुरानं श्वासनळीला इतकी सूज का यावी, आतून भाजल्यासारखं का दिसावं, हे त्या अंशुमनला समजावत होत्या. आता श्वासासाठी घशात नळी घालावी लागेल, म्हणाल्या.

राजाभाऊ उभे राहिले.

"मैडम, बैटरी जली है," ते म्हणाले. "कैमरे की. लिथियम वाली. रजाई के अंदर चार्ज पर थी. मैंने रखी थी."

बाई झटकन त्यांच्याकडे वळल्या. "आपको कब से पता है?"

"शुरू से."

त्या पळतच आत गेल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, मग दुसरे डॉक्टर आले, मग आणखी एक. जाताजाता एकजण अंशुमनला एवढंच म्हणाला की त्या धुरातला वायू आतून जाळत जातो, त्याचा इलाज वेगळा असतो, आल्याबरोबर समजलं असतं तर बरं झालं असतं. आता उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही.

प्रभाताईंनी तोंडाशी धरलेला पदर खाली घेतला. मग नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी माझी चूक म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात."

तनया राजाभाऊंसमोर येऊन उभी राहिली. ती ओरडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं, आणि ती ओरडली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"बाबा, आता सगळं सांगितलंत ना? अजून काही राहिलंय?"

त्यांनी जावयाकडे पाहिलं. अंशुमन भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

"ती बॅटरी फुगलेली होती," राजाभाऊ म्हणाले. "अंशुमननी मला दाखवलं होतं रविवारी. मला द्या म्हणाले होते. मी दिली नाही."

तनया नवऱ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"बाबांना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांसमोर नाही बोललो," अंशुमन म्हणाला. "मला वाटलं, यार, ते ठेवून देतील बाजूला."

ती दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तेवढ्यात नर्सनं दार उघडून सांगितलं की आईला आत यायला हरकत नाही, सोबत घरातलं एकजण चालेल. तनयानं आईचा हात धरला आणि तिला उठवलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

राजाभाऊही सवयीनं उठले आणि दोन पावलं त्यांच्या मागे गेले. तनयानं मागे वळून हात आडवा केला.

"तुम्ही नको," ती म्हणाली, आणि दार लागलं.