फागीच्या रेशनकार्डातली सून

या मायबापहो, अगदी जवळ सरकून बसा, टाळ घटकाभर मांडीवर राहू द्या. खोडाळ्याच्या अंगाला एक पाडा आहे, तिथल्या फागीची गोष्ट सांगतो. नारायणाने एका म्हातारीच्या पदरात माया किती ओतावी, ते ऐका.

फागीचा मुलगा सुकऱ्या आणि सून कमू यांचं सहा वर्षांपूर्वी पटेनासं झालं. मारझोड नाही, व्यसन नाही. नुसतं एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. रिवाजाप्रमाणे पंच बसले. वाळल्या गवताची काडी दोघांनी दोन टोकांना धरून मोडली, आणि काडीमोड झाली. सुकऱ्या दुसरी बायको करून भिवंडीला गेला, कमू माहेरच्या पाड्यावर. कोणी कोणाला नाव ठेवलं नाही.

पुढे कमूला नितीन भेटला. सिल्वासाला कारखान्यात कामाला, स्वभावाने गरीब. लग्नाची नोंद झाली की दोघांना राहायला खोली मिळणार होती. पण तिथल्या नोंदणी कचेरीतल्या बाबूने पंचांचा कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. तुमच्या पाड्यावरची काडी आमच्याकडे चालत नाही, म्हणाला, कोर्टाचा कागद आणा.

म्हणून जव्हारच्या वकीलबाई पुष्पावतीताईंनी दावा घातला. आदिवासींची रिवाजाने झालेली सोडचिठ्ठी कायदाही मानतो, पण रिवाज आहे आणि काडी खरंच मोडली हे शाबीत करावं लागतं, असं त्यांनी समजावलं. पंच साक्षीला आले. सुकऱ्याही आला. मोडली म्हणाला, आणि कोणी विचारलं नसताना नितीन भला माणूस आहे हेही सांगून मोकळा झाला.

सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात कागदांतून फागीचं रेशनकार्ड निघालं. त्यावर कमूचं नाव अजून होतं, सून म्हणून. न्यायाधीश बाईंनी फागीला उभं केलं.

फागीच्या पायाखालची जमीनच सरकली. नाव तिनेच काढलं नव्हतं. जन्मभर नागली लावून, दगड उचलून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उठत नसे, कमूचा उठे. म्हणून दर महिन्याला कमू दोन डोंगर उतरून यायची, अंगठा द्यायची, तांदूळ घरी आणून ठेवायची, आणि जेवून जायची. फागीला तांदळापेक्षा त्या जेवणाची ओढ होती. आता खरं बोलावं तर नाव जाणार, कमूही जाणार. गप्प राहावं तर पोरीचा संसार अडणार.

"ही तुमची सून आहे का?" बाईंनी विचारलं.

फागीने कमूकडे पाहिलं. कमू खाली बघत होती, म्हातारीवर डोळ्यांचंसुद्धा ओझं नको म्हणून.

"नाय बाई," फागी म्हणाली. "होती. माझ्यासमोर काडी मोडली. कार्डात नाव मी ठेवलं, माझ्या स्वार्थानं. पोरीचा काय गुन्हा नाय."

आणि तिने आपला गुळगुळीत पंजा उघडून पुढे धरला. बाईंनी तो बराच वेळ पाहिला.

महिन्याभराने निकाल आला: काडीमोड खरी. त्याच आठवड्यात फागी स्वतः मोखाड्याला तहसील कचेरीत जाऊन कमूचं नाव काढून आली. अंगठ्याचं काय, असं कमूने रडवेली होऊन विचारलं, तर म्हणाली, शेजारच्या रविनाचा अंगठा माझ्या कार्डाला चालेल असं कचेरीत लिहून आलेय, ती देईल, तू तुझ्या घराकडे बघ.

सिल्वासाला निघताना कमू पाया पडली आणि उठेचना. फागीने तिला दंडाला धरून उठवलं.

"आता मी तुझी सासू नाय," ती म्हणाली. "आता भांडायचं कारणच नाय. सणाला येत जा."

मायबापहो, सांजेला दिवा लावाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा मागोमाग या फागीचीही आठवण करा.