फियाटची टाकी

फियाटवरून कुणी काही बोललं की महांतेशला राग यायचा, आणि घरात तर सगळेच बोलायचे. लातुरात गंजगोलाईच्या बाजूला त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. दारात चांगली नवी गाडी उभी, पण खरेदीला नांदेडला निघायचं म्हटलं की हा पठ्ठ्या आप्पांचीच फियाट बाहेर काढणार. आप्पा म्हणजे त्याचे वडील, मलप्पा. ते गेले, गाडी मागं राहिली. वडिलांशी जे बोलायचं राहून गेलं ते हा माणूस बॉनेटखाली डोकं घालून बोलत असतो, असं त्याची बायको सुकन्या म्हणायची. तिचं फारसं चुकत नव्हतं.

एकटी अव्वा, म्हणजे महांतेशची आई शिवगंगाबाई, गाडीला कधी नावं ठेवत नसे. तो गावाला निघाला की ती विभूतीची डबी कमरेला खोचून ओट्यावरून खाली यायची, गाडीला एक चक्कर मारायची, मागच्या बाजूला क्षणभर थांबायची आणि मग म्हणायची, "जा आता." ती गाडीला नमस्कार करते, असा महांतेशचा समज होता. आपल्यासारखंच प्रेम आहे म्हणायचं, असं वाटून त्याला बरंही वाटायचं.

गाडीला रोग एकच. चांगली चालता चालता मधूनच आचके द्यायची. कार्बोरेटर खोलला की आत बारीक गाळ निघायचा. साफ केला की महिना-दोन महिने बरे जात, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. महांतेश स्वतः गाडी चालवायला लागला तेव्हापासून हे असंच चाललं होतं. शेवटी एकदा त्यानं मनावर घेतलं. कार्बोरेटरच काढून टाकायचा आणि नव्या गाड्यांसारखं पेट्रोल फवारणारं इंजेक्शन बसवायचं.

नांदेडचा सुदर्शन त्याचा कॉलेजातला दोस्त, तिथं त्याचं गॅरेज. जुन्या गाड्यांना नवं काळीज बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, निदान तो स्वतः तरी असंच सांगायचा.

"हे बघ," सुदर्शन म्हणाला होता, "कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोचलं तरी भागतं. इंजेक्शनला ते दाबानं लागतं अन् मधी खंड पडलेला बिलकुल चालत न्हाई. तुझी टाकी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा हाय. वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं अन् पंप हवा ओढतो. नवी टाकी करू. पंप आतमधीच ठेवू, पेट्रोलमधी बुडून गार राहतो. त्याच्याभोवती वाटीसारखा आडोसा करू, म्हंजे वळणावर बी तेवढं पेट्रोल पंपापाशी राहतं."

"टाकी आप्पांचीच राहील," महांतेश म्हणाला.

"आप्पांनी काय स्वतः ठोकली व्हती का?"

"त्यांची हाय म्हटलं ना. पंप बाहेर लाव."

सुदर्शननं कपाळाला हात लावला आणि पंप टाकीखाली, बाहेर बसवला. चावी फिरवली की तो डासासारखा गुणगुणायचा. महांतेशला ते गुणगुणणंही आवडलं. पंधरा दिवसांत पंप जळाला. दुसरा बसवला, त्याच्या तोंडाशी पेट्रोल गाळायची नवी जाळीही लावली. तो अहमदपूरच्या अलीकडे बंद पडला. गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक लावला म्हणून महांतेश वाचला. ट्रकचा बंपर डिकीपासून हातभर लांब होता. ट्रकवाल्यानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि महांतेशनं तो मुकाट्यानं ऐकून घेतला. मग खाली उतरून त्यानं गाडी ढकलत कडेला घेतली.

घरी हे कळल्यावर सुकन्यानं आरडाओरडा केला नाही. ती एवढंच म्हणाली, "ह्या खेपेला नीट झाली तर ठेवा. न्हाई तर विकून टाका. मला नवरा पायजे, फियाट नको."

अव्वा बाजूलाच बसली होती.  डबी तिनं मुठीत गच्च धरली होती.

महांतेशनं गाडी टेम्पोत घालून नांदेडला नेली. सुदर्शननं टाकी काढली आणि तिला कापायच्या आधी काठोकाठ पाणी भरलं. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ ठिणगीनं पेटली तर आसपास कुणी उरत नाही. मग वरचा पत्रा कापून पाणी हळूच ओतून दिलं. दोघं आत वाकून बघायला लागले.

तळाशी राखाडी चिखलाचा थर होता. कोपऱ्यात तर तो चांगलाच साचला होता.

"हे गंज न्हाई. गंज लाल असतो," सुदर्शन म्हणाला. "कार्बोरेटर होता तवर हे बरंचसं तळाला निजून राहिलं. आता पंप भरपूर पेट्रोल ओढतो अन् उरलेलं जोरात टाकीत परत सोडतो. त्यानं सगळं ढवळून उठलं, जाळी तुंबली, पंप कोरडा फिरून मेला. पण हे आलं कुठून? कुणी दुश्मनी काढून राहिलं का तुझ्याशी?"

महांतेशनं चिखल बोटांवर घेतला. चोळला, तसा तो वाळून पांढुरका झाला, मऊ, तलम. वास पेट्रोलचा होता, पण बोटांनी ओळखायचं ते ओळखलं. लहानपणी अंघोळ झाली की रोज सकाळी हाच स्पर्श कपाळावर आडवा फिरायचा.

"इभूत हाय," तो म्हणाला. "अव्वानं घातली."

सुदर्शन इतका हसला की त्याला टायरवर बसावं लागलं. मग महांतेशचं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

महांतेशला संताप आला होता. त्या ट्रकच्या ब्रेकचा कर्कश आवाज अजून त्याच्या कानातून गेला नव्हता. जी बाई आपल्या जिवाला जपते तिच्याच हातानं आपला जीव जाणार होता, आणि तिला ते कळलंही नसतं. मग दुसरा विचार आला आणि त्यानं संताप पार विझून गेला. हे तिला सांगायचं कसं? या वयात तिला कळलं, की लेकराला आपणच मरणाच्या दारात उभं केलं, तर ती पुन्हा डबी हातात धरेल का?

"त्यात काय एवढं," सुदर्शन म्हणाला. "टाकीला कुलपाचं झाकण लावतो. चावी तुझ्याकडं. अव्वाला काई सांगूच नको."

"लाव," महांतेश म्हणाला. "अन् टाकी बी नवी कर. पंप आत, वाटी, तू म्हणशील ते."

आप्पांच्या टाकीसाठी महिनाभर भांडलेला माणूस दुसऱ्यांदा तिच्याकडे बघायलाही थांबला नाही.

गाडी घरी आली. आता पंप आतच असल्यामुळे कान देऊन ऐकलं तरच त्याची गुणगुण कळायची. दोन दिवसांनी महांतेश पुन्हा नांदेडला निघाला. अव्वा नेहमीसारखी खाली उतरली, चक्कर मारून मागं गेली आणि थांबली. आरशात तिचा हात झाकणावर दिसला. हात झाकण फिरवत होता, झाकण फिरत नव्हतं.

महांतेश खाली उतरला. अव्वाच्या चिमटीत विभूती तशीच होती.

"कुलूप लावलं व्हय रे?"

"हाव."

"म्हंजे कळलं तुला." ती झाकणाकडेच बघत राहिली. "माझ्यामुळंच बंद पडली का गाडी?"

खोटं बोलायचं ठरवून आला होता तो. पण तिच्यासमोर जीभ वळेना.

"जाळी तुंबत व्हती, अव्वा. पण तुला कामून टाकीत घालायला लागली? कपाळाला लावायची ना."

अव्वानं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "लावत व्हते की. तू दुकानात बसायला लागलास तवा. मी दारात लावायचे अन् तू कोपऱ्यावर जाऊन पुसायचास. मोठ्या व्यापाऱ्यांत जायचं, लाज वाटत असंल. तुझे रुमाल कोण धूत व्हतं रे? रोज रुमालाला इभूत." तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच त्याला सोसवेना. "म्हटलं, जिथून पुसता येणार न्हाई तिथं घालावी."

महांतेशला तो कोपरा आठवला. पानटपरीच्या आडोशाला उभं राहून घाईघाईनं कपाळावर फिरवलेला रुमालही आठवला. 

"मग आता ही कुठं टाकू?" अव्वानं चिमूट पुढं केली.

त्यानं डोकं वाकवलं. तीन बोटांनी तिनं कपाळावर विभूती ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पुसणार न्हाईस?"

"न्हाई पुसणार."

 अव्वानं हात घालून त्याच्या खिशातला रुमाल काढून घेतला, डबीशेजारी कमरेला खोचला आणि म्हणाली, "जा आता."

अहमदपूरच्या अलीकडे ऊन चढलं. गाडी एका लयीत पळत होती. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला, तसा महांतेशचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला.