वाफेचं यंत्र

"घ्या मामा, हातात घेऊन बघा. काही होत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि टेबलावरची ती निळी, बोटभर लांबीची वस्तू त्यांनी अजिनाथच्या तळहातावर ठेवली.

अजिनाथनं मूठ मिटली. वजन ओळखीचं होतं. तोंडाकडचा चपटा भाग ओळखीचा होता, खालचं वायर घालायचं बारीक भोकसुद्धा. अशीच एक वस्तू या घटकेला त्याच्या गेटवरच्या केबिनमध्ये, पाण्याच्या जारमागं, चार्जिंगला लावलेली होती. त्यानं स्वतः लावली होती.

"ही ई-सिगारेट. पोरं हिला व्हेप म्हणतात," बाई सगळ्या हॉलला सांगत होत्या. "देशात विकायलाच बंदी आहे, तरी येते. धूर नसतो, वाफ असते. वास आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा. त्यामुळं ओळखू येत नाही. पण आत जातं ते निकोटीनच."

"आमच्या मामांच्या तावडीतून नाही सुटणार," पहिल्या रांगेतून कुलसचिव भागवत सर म्हणाले. "खिशातली विडी दहा फुटांवरून ओळखतात ते. सोमवारी तंबाखूमुक्त परिसराची पाहणी आहे, आणि त्या दिवशी मामांचा सत्कार ठेवलाय आपण."

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. अजिनाथनं ती वस्तू टेबलावर ठेवली आणि तळवा पँटला पुसला.

बीडपासून आठ-नऊ किलोमीटरवर, उघड्या माळावर हे विद्यापीठ उभं राहिलं तेव्हापासून अजिनाथ गेटवर होता. तंबाखूमुक्तीचा ठराव झाल्यावर सर्वांत आधी तो त्यानं मनावर घेतला. गेटवर पत्र्याचा डबा ठेवला. पुड्या, विड्या, सिगारेटी सगळं त्यात टाकूनच आत जायचं, मग तो विद्यार्थी असो, ठेकेदार असो की एखादा प्राध्यापक. आत कुणी ओढताना सापडला की जप्तीच्या वहीत नाव, तारीख, वस्तू आणि खाली सही. लोक त्याला 'नाक' म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं.

त्याला तसं वागायला कारण होतं, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची बायको बबिता दम्यानं गेली, त्याला सात वर्षं झाली. ती आत चुलीपाशी बसायची आणि हा दारातल्या ओट्यावर विडी ओढत बसायचा. वारा घराकडं असला की धूर सरळ आत. "जरा सरकून बसा की," एवढंच ती म्हणायची. तो हातभर सरकायचा. पुढं दवाखान्यातून वाफेचं यंत्र मिळालं. ते लावलं की बबिताच्या छातीतली शिट्टी हळूहळू थांबायची. पण यंत्राला लाईट लागायची आणि गावात लाईट कधी असायची, कधी नसायची. शेवटच्या दिवशी ऐन दुपारी लाईट गेली. तो यंत्र काखेत मारून शेजारच्या वस्तीकडं पळाला, तिथंही नव्हती. परत आला तेव्हा यंत्राची गरज उरली नव्हती. त्या दिवसापासून त्यानं विडीला हात लावला नाही.

म्हणूनच ते घडलं. दुसऱ्या कुणाच्या हातून घडलं नसतं.

जूनमध्ये एका संध्याकाळी मोहिनी नावाची मुलगी बीडहून हॉस्टेलवर परतत होती. केजकडची, बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बॅग तपासताना ही निळी वस्तू निघाली. "हे काय, पोरी?" अजिनाथनं विचारलं. ती क्षणभर घुटमळली.

"दम्याचं औषध आहे, काका. नवीन निघालंय. वाफ घ्यायची असते."

"याला लाईट लागती?"

"चार्ज करावं लागतं."

अजिनाथच्या डोळ्यांपुढं काय उभं राहिलं असेल ते त्या पोरीला कसं कळावं. तो म्हणाला, "हॉस्टेलात लाईटीचा भरवसा न्हाई, बाई. हितं कॅमेऱ्यासाठी इन्व्हर्टर हाय. सकाळी क्लासला जाताना माझ्यापाशी देत जा. चारला परत न्यायचं. औषध बंद पडाया नगं."

तिनं मागितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं. आणि चार महिने, रविवार सोडून रोज, तो तिचं औषध चार्ज करून देत होता. वस्तू पुसून, कागदात गुंडाळून. एकदा ती विसरून गेली तर हा स्वतः हॉस्टेलच्या दारापर्यंत चालत गेला होता.

आणि त्याच आठवड्यात, मोहिनीच्या दोनच दिवस आधी, त्यानं कचरूला पकडलं होतं.

कचरू म्हणजे बागेचा माळी. बबिताच्या वेळी खांदा देणाऱ्या चौघांतला एक. रोपवाटिकेच्या मागं, जेवणाच्या सुट्टीत, पाठमोरा बसून विडी ओढत होता.

"अर्धीच ऱ्हायलीय, आजिनाथ. इझवतो," कचरू म्हणाला होता.

"इझव. पण नाव लिव्हावं लागंल."

"लिव्ह की. पण ठेकेदारानं मागंच दम दिलाय. दुसऱ्यांदा नाव आलं तर काढतो म्हणलाय."

"नियम म्या केला का?"

कचरूनं विडी मातीत दाबली, वहीवर सही केली आणि सावकाश म्हणाला, "न्हाई. तू कशाला करशील." आठ दिवसांनी त्याचं काम गेलं.

तर हॉलमधून अजिनाथ निघाला तो थेट केबिनवर आला. जारमागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यानं वायर ओढली. त्यानं ती वस्तू नाकाशी नेली. पुदिना. चार महिने हा वास त्याच्या केबिनमध्ये होता आणि 'नाक' म्हणवणाऱ्या त्याला वाटत होतं, लहान पोरांच्या औषधाला असतो तसा हा गोडसर वास असेल.

चारला मोहिनी आली. खांद्यावर बॅग, हातात वह्या. "द्या काका, उशीर होतोय."

"बस जरा."

त्याचा आवाज ऐकूनच तिला कळलं असावं. ती स्टुलावर बसली. अजिनाथ म्हणाला, "दमा हाय का तुला?"

ती खाली बघत राहिली.

"खरं सांग. ओरडणार न्हाई."

"नाही," ती म्हणाली. "पुण्याची एक मैत्रीण होती रूमवर. परीक्षेच्या वेळी जागायला म्हणून दिलं तिनं. ती गेली, हे राहिलं. सोडायचं ठरवते काका, पण दुपार झाली की डोकं चालत नाही."

"आन मी रोज भरून देतोय."

"मी सांगणार होते. पण तुम्ही इतकं... एकदा तुम्ही बबिताकाकूंच्या यंत्राचं सांगितलंत. त्यानंतर तोंडच उघडेना."

अजिनाथनं ती वस्तू खिशात टाकली. मग अगदी शाळेतल्या पोराला सांगावं तसं म्हणाला, "एक काम कर. मोठा दम घे आणि एका दमात मोज. मधी श्वास घ्यायचा न्हाई. एक, दोन, तीन. कुठवर जातीस बघू."

"आत्ता?"

"मोज."

तिनं मोजलं. पंधरापर्यंत आवाज स्वच्छ होता. वीसला तो बारीक झाला. तेविसाला खोकला आला आणि ती थांबली.

दवाखान्यात डॉक्टरनं ही रीत शिकवली होती. रोज सकाळी अजिनाथ बबिताला मोजायला लावायचा. "मला साळंत घातलंय का या वयात," म्हणत ती हसायची आणि मोजायची. पहिल्या वर्षी ती तेविसापर्यंत जायची. शेवटी शेवटी नऊ.

हे त्यानं मोहिनीला सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "तुझ्या वयाला चाळीसपर्यंत अडखळायला नगं."

"नाव लिहिणार का, काका?" तिनं विचारलं. "लिहिलं तर घरी पत्र जाईल. दादा दुसऱ्या दिवशी येऊन मला घेऊन जाईल. मग कॉलेज संपलंच. आमच्या घरातून इथवर आलेली मी पहिली आहे."

अजिनाथ वहीकडं बघत होता. कचरूला त्यानं असं काही बोलायलाही दिलं नव्हतं. कचरूच्या घरात कोण आहे, काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी त्यानं पेन पुढं केलं होतं. आता ह्या पोरीपुढं त्याचा हात उठत नव्हता. नियम एकच होता, वही तीच होती. मग कचरूच्या वेळी हात कसा उठला?

"दुपारच्या त्या डॉक्टर बाई गेस्ट हाऊसवर हायेत अजून," तो शेवटी म्हणाला. "त्या सोडवायचंच काम करतात. नाव कुणाला सांगत न्हाईत म्हणाल्या. आत्ता जा. माझं नाव सांग. आन रोज चारला हितं यायचं. मोजायला."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "आणि ते?"

"ते आता माझं हाय."

ती गेल्यावर त्यानं जप्तीची वही उघडली. मागच्या पानावर शेवटची सही कचरूची होती, थरथरत्या अक्षरात, 'रू'चा ऊकार लांब ओढलेला; त्यानंतर आत कुणी सापडलं नव्हतं. अजिनाथनं नव्या पानावर तारीख घातली. वस्तू: ई-सिगारेट. कुठं सापडली: गेटची केबिन. कुणाकडं: तिथं त्यानं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. सही केली आणि वही व वस्तू घेऊन भागवत सरांच्या ऑफिसात गेला.

सरांनी दोनदा वाचलं. "मामा, हे काय आहे? कुणाची आहे ही?"

"चार महिने चार्जिंग माझ्या हातानं झालंय, सायेब. मला औषध वाटलं. पण लावली मीच."

"मुलाचं नाव सांगा."

"नाव माझंच धरा. कचरूचं अर्ध्या विडीवर काम गेलं. ह्याच वहीतून गेलं. मला त्याच मापानं धरा."

भागवत सर खुर्चीत मागं टेकले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. "तुम्ही फसलात, मामा. फसणं म्हणजे गुन्हा नाही. आणि कचरूचं ठेकेदारानं केलं, आपण नाही. सोमवारी पाहणी आहे. हे असं कुणाच्या नजरेला पडलं तर तुमचं, माझं, सगळ्यांचंच हसं होईल." त्यांनी वहीचं ते पान हळूच फाडलं, घडी घालून खणात टाकलं, आणि ती निळी वस्तूही. "घरी जा. शांत झोपा. सत्काराला इस्त्रीचा युनिफॉर्म घाला."

"सायेब, कचरूला परत..."

"बघतो. पाहणी होऊ द्या."

अजिनाथ बाहेर आला. शिक्षा मागायला गेलेला माणूस सत्काराचं आमंत्रण घेऊन परतला होता. वहीत आता पुन्हा शेवटचं नाव कचरूचंच होतं.

रविवारी सकाळी तो कचरूच्या वस्तीवर गेला. चार महिन्यांत एकदाही गेला नव्हता. कचरूची बायको पारूबाई अंगणात भांडी घासत होती. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं आणि आत जाऊन चहा टाकला. कचरू लिंबाखाली बाजेवर बसला होता. शेजारी खुरपं पडलेलं. आता तो लोकांच्या शेतात मिळेल तसं कामाला जायचा.

"ये बे," कचरू म्हणाला. "वाट चुकलास का?"

अजिनाथ बाजेच्या कडेला टेकला. सगळं सांगितलं. पोरीचं नाव सोडून सगळं. बोलताना तो कचरूच्या पायांकडं बघत होता.

"रोज?" कचरूनं विचारलं.

"रोज. रविवार सोडून."

"आन तुला दवा वाटली."

"हां."

कचरू म्हणाला, "बबितावैनीच्या त्या मशीनीवानी."

शिव्या ऐकायची तयारी करून अजिनाथ आला होता. कचरू एवढं पटकन समजून घेईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, आणि ते शिव्यांपेक्षा जड होतं.

"उद्या माझा सत्कार हाय," तो कसाबसा म्हणाला. "मी सांगतो तिथं. सगळ्यांम्होरं."

"त्यानं काय हुईल? पोरीचं नाव इचारत बसतील. तिला नको घालूस त्यात." कचरूनं खुरप्यानं माती उकरली. "लायब्ररीच्या रस्त्याला म्या निंबाची रोपं लावली व्हती. पाणी कोण घालतं?"

"कुणी न्हाई. तीन वाळली."

"तीन?" कचरूच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "आरं, गेटापासनं दीडशे पावलांवर हायेत ती. तुला एक बादली न्यायला काय झालं व्हतं?"

"उद्यापासनं नेतो."

"सकाळच्या पारी घाल. उन्हाचं न्हाई."

पारूबाई चहा घेऊन आली. एक कप तिनं अजिनाथच्या हातात दिला. "सत्कार हाय म्हणं," ती म्हणाली. "शाल देतेत का?" आणि उत्तराची वाट न बघता भांड्यांकडं वळली.

चहा पिऊन झाल्यावर कचरूचा हात सवयीनं बंडीच्या खिशात गेला. विडी आणि काडेपेटी बाहेर आली. विडी ओठांपर्यंत गेली आणि थांबली. त्यानं अजिनाथकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि चालू लागला.

"कचरू, हितंच ओढ की. तुझं आंगण हाय."

"असू दे," कचरू मागं न बघता म्हणाला. "सवय लागली."

तो अंगण ओलांडून गेला. काट्याकुपाट्यांच्या कुंपणाची ताटी उघडून बाहेर गेला, ताटी परत लावली, आणि आपल्याच घराच्या हद्दीबाहेर, बांधावर, पाठमोरा उकिडवा बसला. वारा घराकडून त्याच्याकडं होता. धूर अजिनाथपर्यंत येत नव्हता. चहाचा कप हातात धरून तो बाजेवर बसून राहिला, कचरूची विडी संपेपर्यंत.