गोड केलेली वाक्यं

लकवा येण्याआधी शिंपीबुवांची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार होती. आता त्यांचं बोलणं म्हणजे नुसती गुरगुर, आणि ती कळायची एकट्या लेकीला. दुकानात, दवाखान्यात, फोनवर तीच त्यांच्या वतीने बोलायची. आपलं आपण बोलता यावं, एवढ्याच आशेने ते आज तिच्या कॉलेजात खुर्ची अडवून बसले होते.

कॉलेजात हॅकेथॉन होती. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून लोकांच्या कामाचं काहीतरी दोन दिवसांत बनवून दाखवायचं. लेक, तिची एक उंच मैत्रीण आणि एक चष्मेवाला, अशा तिघांनी एक ॲप करायला घेतलं होतं. अडखळतं बोलणं ऐकून फोनने तेच वाक्य स्वच्छ म्हणायचं. त्यासाठी लेकीने बाबांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ स्वतः लिहून यंत्राला शिकवला होता.

आज दुसरा दिवस. दुपारी चाचणी झाली. चष्मेवाल्याने मशीनचा चहा पुढे केला. शिंपीबुवांनी घोट घेतला आणि ते मनापासून बोलले. फोन म्हणाला, "चहा छान आहे, पण आत्ता नको."

पोरांनी टाळ्या पिटल्या. शिंपीबुवांनी कप आपटला आणि जोरजोरात मान हलवली.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा म्हणाले, हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

मैत्रीण फिसकन हसली आणि मग लेकीकडे वळली. "म्हणजे तू लिहिलेले सगळे अर्थ...?"

"सवयच लागलीय गं. डॉक्टरांना, दुकानदाराला, आत्याला, सगळ्यांना मी त्यांचं बोलणं जरा गोड करून सांगते. उगाच भांडणं नकोत. लिहितानाही तसंच झालं."

झाकून नेलं असतं तर परीक्षकांच्या बापालाही कळलं नसतं. पण चष्मेवाला म्हणाला, "पुसून टाकू. जमेल तेवढं परत शिकवू." कोणी वादच घातला नाही. उसवायची वेळ आली की भलेभले कारागीर तोंड वाकडं करतात, आणि ही पोरं निमूट उसवायला बसली. शिंपीबुवांना त्यांचं फार कौतुक वाटलं. लेक एकेक वाक्य वाचायची, ते मानेने खरं-खोटं करायचे. आत्याबद्दलची वाक्यं ऐकून चष्मेवाल्याचे कान लाल झाले.

संध्याकाळी मंचावर लेकीने आधी ही चूकच सांगून टाकली. परीक्षकबाईंनी शिंपीबुवांना विचारलं, "कसं वाटलं ॲप?"

ते गुरगुरले. फोन म्हणाला, "अजून निम्मं चुकतं. पण आता तोंड माझं आहे."

सभागृह हसलं. बाई लेकीकडे वळल्या. "आणि तुला काय वाटतं?"

तिने सवयीने बाबांकडे पाहिलं. शिंपीबुवा पुन्हा बोलले आणि फोनने शब्दन् शब्द जसाच्या तसा सांगितला, "माझं मी बोललो. तुझं तू बोल, पोरी."

लेकीने माइक तोंडाजवळ नेला, पण शब्द फुटेना. शिंपीबुवा वाट बघत बसले. त्यांच्यासाठी तीही अशीच किती वेळा थांबली होती.