शेवटचा उलटा वेढा

"पपा, तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली कशी?"

ओडेलिसनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. जहाजावरच्या न्याहारीच्या टेबलावर, तळलेल्या केळ्यांच्या ताटलीशेजारी, प्रश्न धप्पकन पडला. चिट्रे गावातल्या त्यांच्या घरात आजवर तो कुणी काढला नव्हता. पण शाळेतल्या गाबी आणि लुस्मिलानं पैज लावली होती: "कालवा बघायला निघालीस मोठी, बापाला एवढं विचारायची छाती आहे का?" आता छाती आहे म्हणजे आहे!

पपा कॉफी ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

"दोरीनं खाल्ली."

"म्हणजे?"

"म्हणजे खाल्ली. कॉफी घे."

ममानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. ओडेलिसनं कॉफीचा कप ओढून घेतला. पपा तरुणपणी दोन समुद्र जोडणाऱ्या याच कालव्यात लहान होड्यांवर दोऱ्या धरायचे, एवढंच तिला माहीत होतं. मग ते सगळं सोडून चिट्रेला आले, बी-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि पुन्हा कालव्याकडे फिरकले नाहीत. ही सफरसुद्धा ममाच्या हट्टाची. आणि लेकीला हवी होती मार्चपासून कोलोन बंदरातली, जहाजावरचं काम शिकवणारी नौकाशाळा! ते ऐकल्यावर पपांनी "नाही" म्हटलं होतं, दुकानाचं शटर ओढावं तसं.

जहाज गातूनच्या सरोवरात नांगर टाकून उभं होतं. दिवसभराच्या सहली निवडायला खिडकीपुढे रांग लागली.

"समुद्रकिनारा," पपा म्हणाले. "तिघं."

"दोघं," ओडेलिस म्हणाली. "मी छोट्या लाँचनं जाणार. लॉकमधून."

खिडकीतली बाई कधी बापाकडे बघते, कधी लेकीकडे.

"जहाजाच्या गच्चीवरून लॉक दिसत नाही होय?" पपा म्हणाले.

"गच्चीवरून मुंगीसारखं दिसतं. मला पाण्याला टेकून बघायचंय."

"एकटी जाणार? मग मीही जाते बाई," ममा म्हणाली. "वाळूत एकटे बसा तुम्ही, नारळ पीत."

पपांनी खिडकीच्या कडेवर तीन बोटांनी ताल धरला. मग दात उपटायला निघालेल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "तीन. लाँच."

दुपारी लाँच पेद्रो मिगेलच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी उतरवून जहाजं खाली नेणाऱ्या हौदात शिरली. लाँच हौदाच्या मधोमध. चार कोपऱ्यांतून चार दोऱ्या दोन्ही भिंतींवरच्या कामगारांकडे गेलेल्या. मागून एक मालवाहू जहाज आत आलं, एवढं मोठं की त्याच्या नाकाडानं आभाळच झाकलं. मागची दारं मिटली. पाणी उतरू लागलं. आता लाँचवरच्या चौघा खलाशांनी दोरी हळूहळू सोडत राहायची, बस्स. पाणी जेवढं खाली, तेवढी दोरी सैल.

पपा मधल्या बाकावर पायांकडे बघत बसले होते. उजवा हात खिशात.

ओडेलिसच्या शेजारीच मागची दोरी होती. ती धरणारा टीटो गप्पिष्ट गडी. एका म्हातारीनं त्याच्यापुढे फोन धरला. "बाळा, मागचं जहाज येऊ दे हं फोटोत!"

"येऊ दे की, आजी!" म्हणत टीटोनं दोरी लोखंडी खुंट्यावर आठाच्या आकड्यात गुंडाळली, वर एक उलटा वेढा टाकून आवळला आणि मोकळ्या हातांनी फोन घेतला.

उलटा वेढा.

ओडेलिसला चिट्रेची कपड्यांची दोरी आठवली. पपा ती नुसती गुंडाळायचे, कधीच आवळू द्यायचे नाहीत. "शेवटचा उलटा वेढा नको! ओझं आलं की सुटत नाही तो!" धुणं धुळीत पडायचं आणि ममा साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "कपड्यांचं कसलं आलंय ओझं, एव्हेलियो!"

दोरी ताणली. तिच्यातून पाणी पिळून गळायला लागलं. लाँचचा मागचा कोपरा खाली जाईना.

ओरडावं? चुकलं तर सगळे हसतील. बरोबर निघालं तर पपा...

"वेढा!" ती किंचाळली. "पपा, उलटा वेढा टाकलाय!"

लाँच कलली. शीतपेयाच्या बाटल्या घरंगळल्या. टीटो फोन टाकून धावला आणि आवळलेल्या वेढ्यात बोटं घालू लागला.

"हात काढ!"

हा आवाज पपांचा आहे हे ओडेलिसला क्षणभर कळलंच नाही. त्यांनी टीटोला दंडाला धरून मागे ओढलं. "बोटं ठेवायचीत ना तुला? आजी, तिकडे! दोरीच्या रेषेत कुणी थांबू नका! भिंतीवरचे, खाली बसा! सुरी!"

टीटोनं कमरेची सुरी दिली. पपांनी ती घेतली, पण हात असा थरथरत होता की पातं खुंट्यावर वाजू लागलं.

"मला द्या," ओडेलिस म्हणाली.

पपांनी तिच्याकडे पाहिलं. लाँच आणखी कलली. ममानं बाकाची कड धरली. पपांनी सुरी तिच्या हातात दिली आणि मागून तिचा पट्टा घट्ट धरला.

"बाजूला उभी राहा. तोंड लांब. खुंट्यापाशी काप."

दोन ओढीत धागे तटातट तुटले. तिसऱ्या ओढीला दोरी सणाणून भिंतीकडे उडाली आणि लाँच धबाककन पाण्यावर बसली. मागचा भाग भिंतीकडे वळू लागला. कप्तानानं इंजिनाच्या जोरावर तो कसाबसा आवरला. भिंतीवरच्यांनी पातळ दोरी फेकली, तिला बांधून नवी जाड दोरी वर गेली.

तिचं दुसरं टोक पपांच्या हातात होतं. तीन बोटं आणि पाच बोटं. वीतवीत सोडत होते. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि टीटोनं मागितलीही नाही.

"खिमा भरलेला गरम एम्पानाडा खायला दोन्ही हात हवे होते मला," दोरीवरची नजर न काढता ते म्हणाले. "म्हणून टाकला होता वेढा. मग सोडवायला गेलो."

"एम्पानाड्यासाठी?" ममा ओरडली. "आणि मी इतकी वर्षं धुणं धुळीतून उचलतेय!"

पपा हसले, पण डोळे भरलेले होते. "मागे ये, ओडे. धर. ओढू नकोस, नुसतं जाऊ दे."

ओडेलिसनं दोरी धरली. ओली दोरी तळव्यातून जड, जिवंत सरकत होती. तिला भीती वाटत होती, आणि तरी दोरी हातातून सोडावीशी वाटत नव्हती. समोरची दारं उघडू लागली.

"पपा, ममा, ऐका," ती म्हणाली. "मार्चमध्ये मी कोलोनला जातेय. नौकाशाळेत. आता विचारत नाहीये, सांगतेय."